भाऊबीजेचं चलान श्रावणात

साताऱ्याच्या शाहूनगरमधून एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आलं आहे. गेल्या भाऊबीजेला, म्हणजे 3 नोव्हेंबर 2024 ला, त्यांची लेक, जावई आणि चार वर्षांची नात संध्याकाळी पुण्याला परत निघाले. स्टँडवर एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून यांनी स्वतःची 2016 सालची गाडी जावयाच्या हाती दिली. पुढच्या रविवारी गाडी धुऊनपुसून परत आली आणि विषय संपला. यंदा, 28 जुलै 2025 ला, मोबाइलवर संदेश आला की त्या भाऊबीजेला सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या हद्दीत महामार्गावर वेगमर्यादा ओलांडली, 2,000 रुपये भरा, नाहीतर प्रकरण न्यायालयात जाईल. पत्रलेखक लिहितात, "चाळीस वर्षं गाडी चालवतोय, एकदाही पावती फाडावी लागली नाही. जूनमध्ये नव्या नंबर प्लेटसाठी आरटीओच्या नोंदीत मोबाइल नंबर बदलून घेतला, तेव्हाही कुणी काही बोललं नाही. आता नऊ महिने होत आले आणि मग दंड?" घरात तीन मतं आहेत. पत्नी म्हणतात, गुपचूप भरा आणि जावयांच्या कानावर जाऊ देऊ नका. मुलाने कुठल्याशा रीलमध्ये पाहिलंय की 15 दिवसांत नोटीस आली नाही तर चलान रद्द होतं. सकाळी अजिंक्यताऱ्यावर सोबत चढणारे मित्र सांगतात, लोकअदालतीत निम्म्यात मिटतं, थांबा. त्यांचा प्रश्न असा: "उशिरा आलेला दंड भरणं म्हणजे अन्याय मान्य करणं नाही का? लढायचं तर सुरुवात कुठून करू?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तारखा आहेत, घरातल्या प्रत्येकाचं मत आहे, एसटीतली गर्दीसुद्धा आहे. चलानावरच्या फोटोत काय दिसतं, ते मात्र कुठेच नाही. तुम्ही तो अजून उघडलेला नाही असं मी धरून चालते. संदेश आला, तारीख बघितली, डोकं तापलं आणि तिथून पुढे सगळी चर्चा तारखेवरच झाली. साहजिक आहे. पण लढाई कोणत्या मुद्द्यावर करायची, हे फोटो बघितल्याशिवाय ठरणार नाही.

तो बघताना एक पथ्य पाळा. संदेशातल्या लिंकवर बोट ठेवू नका. चलानाच्या नावाने खोटे संदेश पाठवून लोकांची खाती रिकामी करण्याचा धंदा जोरात आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल (फोनवर परस्पर अ‍ॅप बसवणारी) आली असेल तर ती उघडायचीच नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा, त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. किंवा महाट्रॅफिक अ‍ॅप वापरा. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडीवरची सगळी चलानं दिसतात. हे आकडे आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, आहेत. तिथे काहीच दिसलं नाही, तर तुमचा संदेशच बनावट असण्याची दाट शक्यता आहे, आणि मग हे पत्र तुम्ही भलत्याच कारणासाठी लिहिलं असं म्हणावं लागेल. (त्या लिंकवरून पैसे आधीच गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा. त्यात तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही.)

चलान खरं निघालं तर फोटो मोठा करून बघा. नंबर तुमचाच आहे का? एमएच 11 पुढच्या अक्षरांत आणि आकड्यांत गफलत होते. मातीने भरलेल्या प्लेटवर 3 चा 8 दिसणं कॅमेऱ्याला अवघड नाही. गाडीचा रंग, आकार, मागच्या काचेवरचा स्टिकर जुळतो का? मग जागा आणि वेळ. साताऱ्याहून पुण्याला जाणारी गाडी त्या दिवाळीत खंबाटकीच्या बोगद्यातून जायची आणि पुण्याहून येणारी घाट चढून यायची. लेक-जावई त्या संध्याकाळी पुण्याच्या दिशेने गेले. फोटोतली गाडी घाट चढताना दिसत असेल तर ती तुमची नाही, किंवा तारीख चुकली आहे. फास्टॅगचं पासबुकही काढा. आनेवाडी आणि खेड शिवापूर या दोन्ही टोलनाक्यांवर गाडी किती वाजता गेली ते तिथे लिहिलेलं असतं. चलानाची वेळ या दोन वेळांच्या मध्ये बसते का, हे कुठल्याही वकिलाशिवाय तपासता येतं. दोन टोलपावत्यांइतका निरपेक्ष साक्षीदार कोर्टातही सहज मिळत नाही.

यातलं काही जुळलं नाही, तर उशिराचा मुद्दा बाजूला ठेवा. "ही गाडी माझी नाही" हा त्याहून मोठा मुद्दा आहे. मग शेवटपर्यंत लढा, एक रुपया भरू नका.

पण समजा सगळं जुळलं. गाडी तुमची, वेळ तीच, वेगमर्यादा आणि मोजलेला वेग दोन्ही चलानावर आहेत. आता तुमचा मूळ प्रश्न.

मुलाने रीलमध्ये ऐकलं ते निम्मं बरोबर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167अ हा नियम ऑगस्ट 2021 मध्ये घातला गेला. कॅमेरा, स्पीड गन अशा यंत्रांनी पकडलेल्या गुन्ह्याची सूचना गुन्हा घडल्यापासून 15 दिवसांत पाठवावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं, वाहनचालकाला आधी कळेल असे फलक हवेत, हेही त्यातच आहे. म्हणजे तुमची तक्रार हवेतली नाही. पण 15 दिवस उलटले तर चलान आपोआप रद्द, असं वाक्य त्या नियमात नाही. रील बनवणाऱ्याने ते स्वतःच्या पदरचं घातलंय. मुदत उलटणं हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे. तो मांडावा लागतो आणि कुणीतरी तो मान्य करावा लागतो. हे नियम अधूनमधून बदलतातही, तेव्हा इतर वाचकांनी आपापल्या चलानाच्या तारखेला काय लागू होतं ते बघावं.

आता जरा टोचेल असं विचारते. सूचना उशिरा पाठवली गेली, की तुमच्यापर्यंत उशिरा पोचली?

तुम्हीच जाता जाता लिहिलंय की जूनमध्ये नंबर प्लेटच्या निमित्ताने तुम्ही मोबाइल नंबर बदलून घेतला. त्याआधी तिथे कुणाचा नंबर होता? 2016 साली गाडी घेताना अर्ज बहुधा शोरूमच्या माणसाने किंवा एजंटाने भरला असणार. अशा वेळी घाईत त्याने स्वतःचाच नंबर टाकून मोकळं व्हायचं, हे इतकं सर्रास चालायचं की यंदा प्लेटच्या ओटीपीसाठी ताटकळलेल्या निम्म्या साताऱ्याला ते कळलंय. तसं असेल तर पहिला संदेश गेल्या नोव्हेंबरातच, वेळेत, एखाद्या एजंटाच्या फोनवर जाऊन पडलेला असू शकतो. त्याने तो वाचलाही नसेल. नोंद दुरुस्त झाल्यावर दोन महिन्यांच्या आत तुम्हाला संदेश आला, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

असं असेल तर पोलिसांच्या दप्तरी सूचना मुदतीत गेलेली आहे आणि 15 दिवसांच्या नियमावरची तुमची पकड बरीच ढिली होते. म्हणून "उशीर केला" असा आरोप करण्याआधी विचारून घ्या. मी तक्रारीचा मजकूर असा लिहीन:

"वाहन क्रमांक अमुक, चलान क्रमांक अमुक. चलानानुसार गुन्ह्याची तारीख 3 नोव्हेंबर 2024 आहे. मला पहिली सूचना 28 जुलै 2025 रोजी मिळाली. केंद्रीय मोटार वाहन नियम 167अ नुसार सूचना 15 दिवसांत पाठवणे आवश्यक आहे. ती प्रथम कोणत्या तारखेस व कोणत्या मोबाइल क्रमांकावर पाठविली याची नोंद कळवावी. वेगमापक यंत्राचे त्या तारखेस वैध असलेले प्रमाणपत्र दाखवावे. मुदतीत सूचना पाठविल्याची नोंद नसल्यास चलान रद्द करावे."

एवढंच. त्यात चाळीस वर्षांची निष्कलंक कारकीर्द घालू नका, "सामान्य नागरिकांची लूट" हा शब्दप्रयोगही नको. वाचणारा अंमलदार असे पन्नास अर्ज बघतो. त्याला तारीख आणि प्रश्न सापडले की त्याचं काम सोपं होतं, पर्यायाने तुमचंही.

ही तक्रार अ‍ॅपवरच्या तक्रारीच्या विभागात टाका आणि तिचा क्रमांक, स्क्रीनशॉट जपून ठेवा. पोवई नाक्यावर उभ्या असलेल्या हवालदाराशी वाद घालून उपयोग नाही. खंडाळ्याजवळचं वेगाचं चलान बहुधा महामार्ग पोलिसांचं असतं, त्यावर शहर वाहतूक शाखेचा अधिकार चालत नाही. चलान कोणत्या पथकाने केलं ते चलानावर बघा आणि प्रत्यक्ष जायचं असेल तर तिथेच जा. उत्तर आलं नाही किंवा नुसतंच "फेटाळली" असं आलं, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून वरचेच दोन प्रश्न विचारा, 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि खरं सांगायचं तर अशा अर्जांमुळेच पुढच्या माणसाचा संदेश वेळेत निघतो.

मुदतीचा आणखी एक हिशेब आहे, रीलवाल्यांना तो सहसा ठाऊक नसतो. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये आहे. वेगमर्यादेचा पहिला गुन्हा असा दंडापुरताच आहे. तुमच्या बाबतीत सहा महिने मेच्या सुरुवातीलाच संपले. त्याआधी प्रकरण न्यायालयात दाखल झालं नसेल, तर समन्स आल्यावर दंडाधिकाऱ्यांसमोर हा मुद्दा जरूर मांडता येईल. पण उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी गरज वाटली तर न्यायालय ही मुदत ओलांडू शकतं, तशी तरतूद त्याच कायद्यात आहे. शिवाय समन्स येईपर्यंत चलान गाडीच्या नावावर उभंच राहतं. गाडी विकायची वेळ आली, दुसऱ्याच्या नावावर करायची झाली किंवा एनओसी लागली की ते आडवं येतं. तोवर धीर धरायची तयारी असेल तर थांबा. तुमची गाडी नऊ वर्षांची आहे, ती विकायचा विचार डोक्यात असेल तर मात्र हे आत्ताच निस्तरा.

मित्रांच्या लोकअदालतीबद्दल. तिथे जाण्यात काही वाईट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करता येते, खर्चही येत नाही. पण लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. सूचना उशिरा आली की नाही, यंत्र बरोबर होतं की नाही, याचा निवाडा तिथे होत नाही. दोन्ही बाजूंनी हो म्हटलं की मिटलं, आणि त्या निवाड्यावर अपील नाही. सवलत मिळालीच तर ती मिळाली, तो तुमचा हक्क नव्हे. तुमचा प्रश्न "अन्याय मान्य करू का" असा होता. निम्म्यात मिटवणं हे त्याचं उत्तर कसं होईल? हजार रुपये वाचतील, प्रश्न तसाच राहील. ज्यांना फक्त पैसे वाचवायचेत त्यांनी खुशाल जावं. तुम्ही त्यातले वाटत नाही.

आता ज्या विषयावर तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात, तिकडे येते. जावई.

तुमच्या घरात दोन गोष्टी हव्या आहेत. चलानाला आव्हान द्यायचंय, आणि जावयांना कळू द्यायचं नाही. या दोन्ही एकत्र जमतीलच असं नाही. "गाडी मी चालवत नव्हतो" हा बचाव तुम्ही घेतलात, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे पोलीस तुम्हाला विचारू शकतात की मग कोण चालवत होतं, आणि मालक म्हणून ते नाव-पत्ता तुम्हाला द्यावाच लागतो. म्हणजे काकूंना ज्याची धास्ती आहे ते साध्या फोनऐवजी लेखी होणार. श्रावणात जावई जेवायला आले असताना कंदी पेढ्यांच्या पुड्यासोबत चलानाची प्रत द्यावी असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या अपरोक्ष त्यांचं नाव पोलिसांना कळवणं त्याहून वाईट दिसेल.

आणि मुळात त्यांना विचारण्यात एवढं अवघड काय आहे? जावयाचा मान ठेवायचा म्हणजे त्यांच्याशी खरं बोलायचंच नाही, असं आपण धरून चालतो. तुम्ही दिलेली गाडी घ्यायला संकोच झाला नाही, धुऊन परत आणून देण्याइतकी त्यांना जाण आहे, तो माणूस 2,000 रुपयांच्या प्रश्नाने दुखावेल हे काकूंनी कशावरून ठरवलं? मला तर वाटतं ते लगेच "बाबा, मी भरतो" म्हणतील, आणि तुम्हाला भीती आहे ती त्याच वाक्याची. जावयाकडून पैसे कसे घ्यायचे? नका घेऊ. पैशासाठी फोन करायचाच नाहीये.

फोटोतला वेग बघून फोन करायचाय. मर्यादेपेक्षा चार-पाच किलोमीटर जास्त असेल तर हसून सोडून द्या, मोकळा रस्ता दिसला की पाय दाबला जातो. पण आकडा मर्यादेच्या फार वर असेल, तर त्या गाडीत मागे चार वर्षांची मुलगी बसली होती, हे तुम्ही विसरू शकणार नाही आणि विसरूही नये. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं वळण साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको, तिथले अपघात आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचत आलोय. असा आकडा दिसला तर चलान रद्द झालं काय आणि भरलं काय, जावयांशी बोलणं टळत नाही. लेकीमार्फत निरोप नको, त्यात ती दोघांच्या मधे सापडते. काकूंनाही तेव्हा फोनजवळ बसवू नका. तुम्ही स्वतः, साध्या आवाजात: "दिवाळीतलं चलान आलंय, फोटो पाठवतो, बघा. दंडाचं मी बघतो. वेग तेवढा बघा." पुढचं ते बोलतील.

तुम्ही दंडाला अन्याय म्हणता. मी तिथेच थोडी अडते. सूचना वेळेत न देणं हा अन्याय आहे, मान्य. रस्त्यावर काय घडलं हे विसरून गेल्यावर माणसाला जाब विचारू नये, म्हणूनच तर मुदत असते. नऊ महिन्यांनी कुणाला आठवणार की त्या संध्याकाळी पुढे ट्रक होता की रस्ता मोकळा? पण गाडी वेगात होती हे खरं असेल, तर ते नोव्हेंबरातही खरं होतं आणि आजही आहे. एकाचा जाब पोलिसांना विचारा, दुसऱ्याचा घरात. दोन्हींची सरमिसळ झाली की आपण पोलिसांवर चिडतो आणि घरात गप्प बसतो.

तेव्हा तुमच्या जागी मी असते तर आज फोटो बघितला असता आणि तक्रार टाकली असती. पहिली सूचना खरोखर जुलैतच निघाली असं उत्तर आलं, किंवा नोंदच सापडली नाही, तर एक पैसा न भरता चलान रद्द करण्याची मागणी लावून धरली असती, गरज पडल्यास न्यायालयातही. नोव्हेंबरात जुन्या नंबरवर पाठवली असं उत्तर आलं आणि फोटोही स्पष्ट असला, तर 2,000 रुपये भरून मोकळी झाले असते. वकिलाची एका तारखेची फी त्याहून जास्त होते. आणि तेव्हा भरणं म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणं नव्हे, गाडीच्या मालकाने हिशेब चुकता करणं आहे.

तुमच्यासारखीच पत्रं अधूनमधून येतात, म्हणून इतरांसाठी थोडं. स्कूटर विकून वर्ष झालं आणि हेल्मेटचं 500 रुपयांचं चलान अजून आपल्यालाच येतंय, असं वाईच्या एका ताईंनी मागे कळवलं होतं. नुसते पैसे घेऊन चावी दिली की गाडी विकली जात नाही. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होऊन आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत चलान जुन्या मालकालाच येणार. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर 14 दिवसांत कळवायची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. विक्रीची पावती आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत ठेवलेली असेल तरच नंतर हातात काही राहतं. एकाच दिवशी एकाच जागेची दोन चलानं आली, किंवा चारचाकीला हेल्मेटचा दंड आला (हसू नका, येतो), तर अ‍ॅपवर फोटोसह तक्रार करा. चूक उघड दिसत असेल तिथे जोरदार भाषेपेक्षा स्पष्ट फोटो कामाला येतो.

आणि ज्यांची गाडी 2019 च्या आधीची आहे, त्यांनी परिवहनच्या संकेतस्थळावर नोंदीत कुणाचा मोबाइल नंबर आहे ते आजच बघावं. तुमचा नसेल तर बदलून घ्या. बदलल्यावर लगेच गाडीवर जुनं काही थकलंय का तेही तपासा, संदेश येण्याची वाट बघत बसू नका.

काका, एक राहिलं. सप्टेंबरच्या लोकअदालतीची नोटीस मधल्या काळात मोबाइलवर आली तर घाबरू नका, ती शिक्षा नव्हे, तडजोडीचं बोलावणं आहे. तुमच्या तक्रारीचं उत्तर आलेलं नसेल तर तक्रारीचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट घेऊन जा, तक्रार प्रलंबित आहे असं सांगा आणि मनात नसेल तर तडजोडीवर सही करू नका.